डू

पुस्तकातल्या इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'.
राजाला, कुत्र्याला, टपाल आणणाऱ्याला.
आमच्या यॅल बेटावर 'डू' होतं.
मेंढीला डू, देवाला डू, भावाला डू;
आईबापांना, मास्तरीणबाईंना
आणि उधार देणाऱ्या दुकानदाराला 'यू'.

मिस पेटिग्रू एडिनबराहून आल्या
आणि खिडकीत त्यांनी एक बरणी ठेवली.
घरचा शब्द तोंडातून निसटला की बरणीत एक वाटाणा.
शुक्रवारी मोजणी.
माझा भाऊ रास्मी, एका आठवड्यात त्रेचाळीस.
त्यातले तीस एकट्या 'पीरी'चे.
पीरी म्हणजे लहान. पण लहान म्हणजे पीरी नव्हे.
लहान होडी विकत मिळते.
पीरी होडी दाराशी उपडी पडलेली असते
आणि तिच्याखाली मांजर व्यालेली असते.

बाबांना दोन बोल्या. एक जमिनीवरची,
एक किनारा सुटल्यावरची.
पाण्यावर मांजराला मांजर म्हणायचं नाही,
पाद्र्याला पाद्री म्हणायचं नाही,
नाहीतर जाळं रिकामं वर येतं.
पाद्र्याचं तिथलं नाव 'अपस्टँडर'. उभा राहणारा.
मी पाच वर्षांची होते. मिस्टर ड्युगिड चहाला आले
आणि मी दारातूनच ओरडले,
'आई गं, अपस्टँडर आला!'
पाद्री हसले. बाबा नाही हसले.
दुसऱ्या दिवशी होडी काढलीच नाही त्यांनी.
हवा वाईट होती, असं शेजारी सांगितलं.
हवा छान होती.

पुढे होडी विकली, वल्ह्यांसकट, दोरांसकट.
शब्द कुणी मागितले नाहीत.
मग बाबा दुकानात मांजराच्या खाण्याचा डबा घेताना
क्षणभर अडायचे,
पायांखाली काय आहे ते बघून घ्यायचे.

शाळेतून येताना तारेच्या कुंपणावर
मेंढ्यांनी सोडलेली लोकरीची पुंजकी.
त्यांना आम्ही हेंटिलॅगेट्स म्हणायचो.
ओस्ला आत्या खिसे तपासायची,
आणि नाताळपर्यंत त्याचा एक हातमोजा व्हायचा.
एकच.
'दुसरा पुढच्या वर्षी,' म्हणायची,
'दोन्ही हात एकदम ऊब मागायला लागले
तर तिसऱ्याचं काम कोण करणार?'
या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी अॅबर्डीनला गेले. इस्पितळात तेवीस वर्षं
लोकांचे आखडलेले खांदे मोकळे केले.
नव्या कामानं अंग दुखतं त्याला आमच्याकडे 'स्पेगी'.
कागदावर लॅटिन लिहायचे,
बोटांना मात्र स्पेगीच लागायची.
पहिल्या सुट्टीत घरी काहीतरी शहरी थाटात बोलले,
तर आत्या चुलीपासून न वळताच म्हणाली,
'नॅपू नकोस.'
परक्यांसमोर गुळगुळीत इंग्रजी झाडणं म्हणजे नॅपणं.
तेव्हापासून बेटावर मी कमी बोलते,
आणि बाहेर तर सगळं आयुष्यच नॅपण्यात गेलं.

मे महिन्यात आत्या गेली.
रास्मी न्यूझीलंडला असतो. फोनवर 'यू' म्हणतो;
त्याला कळतही नाही, आणि मी वाटाणा टाकत नाही.

रात्रीची बोट. घर रिकामं करायला निघालेली मी,
हातात दोन पिशव्या, गुडघा कुरकुरत होता.
जिन्याच्या तोंडाशी केशरी जाकिटातला एक पोरगा,
माझ्या निम्म्या वयाचाही नसेल,
खालून ओरडला, 'डोकं सांभाळ गं, दार ठेंगणं आहे.
डू एकटीच आहेस का?'

माझ्या आईनं त्याच्या मुस्काटात दिली असती.
वडीलधाऱ्या बाईला डू म्हणतोस?

मी म्हटलं, हो.
आणि वाकले, गरजेपेक्षा जरा जास्तच.